हालाँगची बोट सगळ्यात शेवटी ठरवा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटत असेल तर कळेल. दिवाळीची सुट्टी दहा-बारा दिवसांवर आलीय. तुम्ही, तुमचे यजमान, अकरा वर्षांची मुलगी आणि शाकाहारी सासूबाई असे चौघं पुण्याहून व्हिएतनामला निघायचं म्हणताय. हालाँग उपसागरात बेटांमधून फिरणाऱ्या बोटीवर एक रात्र काढायची आणि तिथलं रस्त्यावरचं समुद्री खाणं मनसोक्त खायचं. एजंट म्हणतो, "एकच केबिन उरलीय, आजच पैसे भरा." तर भरावेत का? आणि रत्नागिरीत मासे खाऊन वाढलेल्या पोटाला तिथला रस्ता झेपेल का?

मी छोटे गट घेऊन त्या भागात बरीच वर्षं जातो. माझं सांगणं असं की आज बोटीचे पैसे भरू नका, आज व्हिसाचा अर्ज भरा. हालाँगमध्ये रात्रीच्या बोटी इतक्या आहेत की मोठ्या सुट्ट्या वगळल्या तर दोन दिवस आधीही केबिन मिळते. ऐनवेळच्या सहलीचं घोडं अडतं ते व्हिसा, विमान आणि हवामान यांच्यापाशी. तुमचा एजंट त्यातल्या एकाबद्दलही बोलत नाहीये.

व्हिसाचं पटकन सांगतो. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. त्याच्यासारखी दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खाजगी पानं शोधात आधी वर येतात. साधारण तीन कामाचे दिवस धरतात, पण शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या त्यात मोजत नाहीत, आणि प्रत्यक्षात जास्तही लागतात. आपल्याकडच्या लोकांचे अर्ज अडकतात ते नावापाशी. पासपोर्टवर आडनाव आणि नाव जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने हवं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर तेही. एक अक्षर चुकलं तर विमानतळावरच परत पाठवतात, आणि फी परत मिळत नाही. चौघांचे चार अर्ज, म्हणजे चुकायला चार जागा. एकाने भरावेत, दुसऱ्याने पासपोर्ट हातात धरून वाचावेत.

मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. आता मुद्द्याची गोष्ट. 'ऐनवेळी स्वस्त' हे बोटीच्या बाबतीत थोडंफार खरं असतं, विमानाच्या बाबतीत दिवाळीत बहुधा उलटंच. बोटीवर वाचवलेले पैसे तिकिटात दामदुप्पट जातात. म्हणून आधी चार तिकिटांचे दर बघा. ते पाहून पोटात गोळा आला तर सहल दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात ढकला. शाळेचे दोन-चार दिवस बुडतील, पण हवा तितकीच छान असेल. अर्थात शाळा कशी आहे आणि यजमानांची रजा सरकते का, यावर ते आहे. ते तुम्हालाच ठाऊक.

आता बोट. 'दोन दिवस एक रात्र' अशी जाहिरात असते. प्रत्यक्षात दुपारी बाराच्या सुमारास चढवतात आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला उतरवतात. चोवीस तासही भरत नाहीत. किंमत तोलताना हे लक्षात ठेवा. माणशी साधारण शंभर-सव्वाशे डॉलरपासून सुरुवात होते, दीडशे ते दोनशेत चांगली बोट मिळते, आणि वर कितीही.

ऐनवेळी सवलत का मिळते? रिकामी केबिन बंदरातून निघाली की तिची किंमत शून्य. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत बोटवाले नरमतात. पण ते नरमतात साध्या दोन खाटांच्या केबिनसाठी. तिघांच्या किंवा चौघांच्या मोठ्या केबिन एखाद्या बोटीवर दोन-तीनच असतात आणि त्या आधी जातात. तुमचा एजंट 'एकच उरलीय' म्हणतोय ती कदाचित तसलीच असेल, आणि तेवढ्यापुरता तो खरंही बोलत असेल. तुम्हाला ती नकोच आहे. दोन साध्या केबिन घ्या. एकीत तुम्ही दोघं, दुसरीत आजी आणि नात. एकट्या माणसाचा जादा आकार वाचतो, मुलीला जादा गादीवर झोपावं लागत नाही, आणि अशा केबिन ऐनवेळीही मिळतात. मुलांच्या दराची वयोमर्यादा प्रत्येक बोटीची वेगळी असते. अकरावं हे नेमकं काठावरचं वय, तेव्हा तिची जन्मतारीखच कळवा.

माझी स्वतःची पद्धत अशी: ज्या दिवशी तिकिटं काढतो त्याच दिवशी, फुकट रद्द करता येईल असं एक आरक्षण करून ठेवतो. तो झाला आधार. मग हनोईला उतरल्यावर, बोटीच्या दोन-तीन दिवस आधी, हवामान बघून पुन्हा चौकशी करतो. बोटीच्या कार्यालयाला थेट विचारतो आणि जुन्या हनोईतल्या मा मे रस्त्यावरच्या एक-दोन दुकानांतही विचारतो. दर उतरला असेल तर जुनं रद्द. नसेल तर "त्याच दरात वरच्या मजल्याची केबिन द्या" किंवा "हनोईची ने-आण त्यातच धरा" म्हणून बघतो. हे बहुतेक वेळा मिळतं. मात्र रद्द करायची मुदत नीट वाचा. कुठे ४८ तास असते, कुठे आठवडा. आदल्या संध्याकाळच्या पलीकडे ताणू नका, कारण प्रवाशांची यादी पासपोर्ट क्रमांकांसह बंदराकडे नोंदवावी लागते.

एकच बोट पाच दुकानं पाच नावांनी विकतात. म्हणून पॅकेजचं नाव सोडा, बोटीचं स्वतःचं नाव विचारा. बांधणीचं साल, कोणता धक्का, कोणता उपसागर, कितवा मजला, हे लेखी मागा. सगळ्यात खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला इंजिनाची घरघर रात्री ऐकू येते, आणि आजींची झोप तिथेच मोडायची. परीक्षणं वाचताना सप्टेंबर २०२४ नंतरचीच वाचा. त्या महिन्यात यागी वादळाने हा किनारा झोडपला. कितीतरी पर्यटक बोटी धक्क्यालाच बुडाल्या किंवा मोडल्या. त्याआधीचे फोटो आणि कौतुक आजच्या बोटीला लागू असेलच असं नाही.

कोणता उपसागर हा खरा प्रश्न आहे, आणि तो सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठरेल. हालाँगच्या नेहमीच्या मार्गावर सुंग सोत गुहा आणि तितॉप बेट असतं. (हो ची मिन्ह १९६२ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर तितोवला तिथे घेऊन गेले होते, त्याचंच हे नाव.) तितॉपच्या माथ्यावर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुहेतही चढउतार बराच. वरून दिसणारं दृश्य अप्रतिम आहे, पण त्याच वेळी आणखी पंधरा बोटींची माणसं तिथे रांगेत असतात. दक्षिणेचा 'लान हा' नावाचा उपसागर कात बा बेटाला लागून आहे. चुनखडीचे तेच उभे सुळके, पाणी जास्त स्वच्छ, गर्दी कमी, आणि फिरणं मुख्यतः कायाकने किंवा स्थानिक माणूस वल्हवतो त्या बांबूच्या होडीतून. हालाँग १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, कात बाचा भाग त्यात २०२३ मध्ये जोडला गेला, तेव्हा काही कमअस्सल बघतोय असं वाटून घेऊ नका. तुमच्या चौघांसाठी मी 'लान हा' घेईन. फक्त ती बोट तुआन चाऊ धक्क्यावरून सुटणारी हवी. का ते पुढे येतंच. एकच गोष्ट हुकेल. दोन लाख डाँगच्या नोटेवर छापलेला खडक हालाँगच्या बाजूला आहे, नोट धरून फोटो काढायची हौस असेल तर तो मार्ग घ्यावा लागेल.

बोट लागेल याची भीती सोडा. बेटांच्या आडोशामुळे पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं शांत असतं. रात्री 'माकूल (स्क्विड) पकडणे' असा एक कार्यक्रम ठेवतात. दिवा पाण्यावर सोडून गळ हलवत बसायचं. सहसा काही लागत नाही, पण मुलीला मजा वाटेल.

हवामानावर मात्र मी हट्टी आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मग एप्रिल हे चांगले दिवस. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि बारीक पाऊस, सुळके दिसतच नाहीत. जून ते सप्टेंबर वादळांचे. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात इथली एक पर्यटक बोट उलटली आणि तीसहून जास्त माणसं गेली. त्या महिन्यांत कुणी ऐनवेळची स्वस्त बोट विचारली तर मी जाऊच नका म्हणतो. तुमच्या तारखा चांगल्या आहेत, तरी नियम तोच. बंदर प्रशासनाने बंदी घातली की बोट सुटत नाही, आणि त्या दिवशी 'आमची सुटते' म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. पैसे परत की तारीख पुढे, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी घ्या. चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघा आणि मुलीला एकदा घालून, बंद आवळून बघायला लावा.

इथेच माझा मुख्य सल्ला येतो. बोटीच्या आदली रात्र हनोईत काढू नका, हालाँग शहरात काढा. बहुतेक लोक सकाळी आठला हनोईहून निघून अडीच तासांत थेट धक्क्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने परत. त्यांनी शहर पाहिलेलंच नसतं. मग जेवण काय होतं? बोटीवरचं. ते वाईट नसतं, ठरलेल्या पदार्थांचं, सगळ्या देशांच्या लोकांना चालेल असं सौम्य असतं. चार कोळंब्या, एक कालव, वाफवलेला माशाचा तुकडा. समुद्रात असूनही समुद्राची चव तिथे नाही. ती गावात आहे. आदल्या दिवशी तिथे असलात तर हवेचा अंदाज समोर दिसतो, बोट एक दिवस पुढे गेली तरी सहल मोडत नाही, आणि खाण्याला एक अख्खी संध्याकाळ नि एक सकाळ मिळते.

शहराचे दोन भाग आहेत, मधे २००६ साली झालेला पूल. बाय चायची बाजू हॉटेलांची आणि पर्यटकांची. हॉन गायची बाजू गावकऱ्यांची. खोली हॉन गायला घ्या. तिथून तुआन चाऊ धक्का टॅक्सीने साधारण अर्ध्या तासावर आहे. 'लान हा'च्या काही बोटी हायफाँगच्या बाजूने, गोत धक्क्यावरून सुटतात, तो इथून सोयीचा नाही. म्हणून मघाशी धक्क्याचा आग्रह धरला.

संध्याकाळी फूटपाथवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं मांडलेली दिसतील. बर्फावर आणि पाण्याच्या टबांत शिंपल्यांचे ढीग. तुम्ही रत्नागिरीच्या, तेव्हा निम्मी मंडळी ओळखीची निघतील: तिसऱ्या, कालवं, शिनाणे, माकूल, चिंबोऱ्या. गोगलगायींसारखे शंख मात्र आपल्याकडे इतके कुणी खात नाही. ते गवती चहा आणि आल्याबरोबर वाफवतात, टाचणीने मांस ओढून काढायचं आणि मिरची-आलं घातलेल्या माशाच्या सॉसमध्ये बुडवायचं. मुलीला चवीपेक्षा टाचणीचंच अप्रूप वाटेल. बे बे म्हणून एक चपट्या, काटेरी कोळंबीसारखा प्राणी असतो. वाफवून देतात आणि कवच कात्रीने कापायचं असतं. दुकानदारीणबाईंना खूण करा, पहिला त्या सोलून दाखवतात. मांस गोडसर, खेकडा आणि कोळंबीच्या मधलं. एकच पदार्थ निवडायचा झाला तर मी हाच घेईन.

सकाळी लवकर हॉन गायच्या बाजारात जा. तिथली खासियत चा मुक, म्हणजे माकूल दगडी खलात हाताने कुटून केलेल्या आणि तळलेल्या वड्या. यंत्रावर वाटलेल्या वडीचा लगदा होतो, कुटलेल्या वडीत दाताखाली तुकडे लागतात, फरक पहिल्या घासाला कळतो. तांदळाच्या वाफवलेल्या पातळ पापुद्र्यांबरोबर किंवा चिकट भाताबरोबर खायच्या. बोट बाराला, म्हणजे न्याहारी निवांत होते. एक सांगून ठेवतो, वडीत बऱ्याचदा थोडी डुकराची चरबी घालतात, आणि कालवांवर कांद्याच्या पातीचं जे गरम तेल ओततात तेही कधी चरबीचं असतं. तुम्हाला चालत नसेल तर मोबाइलवर 'डुकराचं मांस आणि चरबी नको' असं व्हिएतनामीत लिहून दाखवा. हातवाऱ्यांनी हे समजत नाही. त्याच कालवांवर शेंगदाण्याचा कूटही असतो, मुलीला त्याची ॲलर्जी असेल तर आधी बघा.

आता पोट. रस्त्यावरचं आणि हॉटेलातलं असा फरक मी करत नाही, शिजलेलं आणि कच्चं असा करतो. डोळ्यांसमोर वाफवलेलं, भाजलेलं, तळलेलं आणि गरम हातात आलेलं बिनधास्त खा. कच्ची कालवं, कच्च्या माशाची कोशिंबीर, शिंपल्याचं ओलं रक्त मिसळलेली तांदळाची दारू, या तिघांना हात जोडा. शिंपले पाणी गाळून जगतात, आणि त्या पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठतं. त्यातल्या जंतूंना ताजेपणाचा उपाय नाही, उष्णतेचाच आहे. वाफवूनही न उघडलेली तिसरी टाका, हे तुम्हाला सांगायला नको. गर्दी स्थानिक कुटुंबांची असेल तिथे बसा, कारण माल फिरतो. बाटलीबंद पाणी, सोबत क्षारांची पाकिटं. आणि पहिल्याच संध्याकाळी सगळं चाखायचा हट्ट नको. कोकणातलं पोट असलं तरी जंतू नवे आहेत.

एक गोष्ट मात्र शिजवूनही खायची नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, लांब शेपटीचा खेकडा तिथे 'साम' म्हणून चवीने खातात. त्याच्यासारखाच दिसणारा, जरा लहान, 'सो' नावाचा भाऊबंद विषारी असतो, आणि ते विष शिजवून जात नाही. त्याने माणसं मेलेली आहेत. ओळखणारा ओळखतो, पण आपण कशाला परीक्षा द्यायची?

पैशांबाबत दोन-तीन गोष्टी. जिवंत माल किलोवर असतो. पाटीवर भाव नसेल तर आधी भाव विचारा, मग वजन डोळ्यांसमोर, मग होकार. पिशवीतलं पाणी सांडून तोलायला सांगा. चिंबोऱ्या जाड ओल्या दोरीने बांधलेल्या असतात आणि दोरीही खेकड्याच्या भावाने तोलली जाते. बारीक दोरीवाल्या निवडा. एक लाख डाँग म्हणजे आपले साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये, शून्यं बघून गांगरू नका. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधारात स्टुलावर बसून हिशोब करताना पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

सासूबाईंसाठी परिस्थिती वाटते तितकी बिकट नाही. तिथे बौद्ध परंपरेचं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, त्याला 'चाय' म्हणतात. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक तेच जेवतात, त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या टपऱ्याही ते ठेवतात. अडचण माशाच्या सॉसची, तो मिठासारखा सगळ्यात पडतो. नुसतं 'भाज्या' म्हटलं तर तो घातलेल्याच भाज्या येतील, म्हणून 'चाय' हाच शब्द वापरा. बोटीला आरक्षणाच्या वेळीच कळवा. भारतीय पाहुणे आता इतके येतात की चांगल्या बोटींच्या स्वयंपाक्यांना ते नवीन राहिलेलं नाही. तरी मेतकूट, चटणी आणि दशम्या बरोबर असू द्या, मऊ भात सगळीकडे मिळतो.

जाता जाता, चिंबोऱ्या अमावास्येच्या आसपास भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे आपल्या कोकणातलं गणित तिथले कोळीही तसंच सांगतात. लक्ष्मीपूजनाच्या आसपास गेलात तर चिंबोऱ्या घ्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास पोहोचलात तर शिंपले आणि बे बेवर भागवा, त्या दिवशी सासूबाईंचं ताट तुमच्यापेक्षा भारी असेल.

तर क्रम असा: आज व्हिसाचे अर्ज आणि विमानाच्या दरांची चौकशी. पक्की तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच. दर फार चढत असतील आणि धोका पत्करायचाच असेल, तर निदान तारीख बदलता येणारी घ्या. तिकिटं काढाल त्याच दिवशी बोटीचं रद्द करता येणारं आरक्षण आणि हॉन गायची एक रात्र. हनोईत पोहोचल्यावर हवामान बघून बोट पक्की. परतीचं विमान बोटीतून उतरण्याच्या दिवशीचं असेल तर रात्री नऊनंतरचंच घ्या. अकराला उतरून, गाडीची वाट बघून, हनोईच्या विमानतळावर पोहोचायला दुपारचे तीन-चार सहज होतात, आणि शुक्रवारी-रविवारी रस्ता तुंबतो. एजंटला आज एवढंच विचारा, "बोटीचं नाव काय, धक्का कोणता, आणि वादळाने रद्द झाली तर पैसे किती दिवसांत परत?" उत्तर लेखी आलं तर त्याच्याकडूनच घ्यायलाही माझी हरकत नाही.